बर्नादेतच्या पडवीतले दोन शब्द

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५
ता. मालवण

चिरंजीव गुरू,

तुला आणि सूनबाईला तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद. रामेश्वराच्या कृपेने मी धडधाकट आहे, गुडघा सोडून. त्याचं त्याला माहीत.

पत्र बघून घाबरू नको. कोणी गेलं नाही. हल्ली पत्र आलं की माणसांना आधी तेच वाटतं. शेजारच्या बर्नादेतचा पुतण्या प्रिन्स उद्या गाडी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. फोन केला असता, पण माझ्या फोनला रेंज येते ती माडाखाली, आणि तिथे उभं राहून बोललं की तुझ्या आधी सगळ्या वाडीला कळतं. माझा आवाज तुला ठाऊक आहे. पत्र म्हटलं की मात्र माझ्या हातात शाळेतली भाषा येते. चौथीपर्यंत शिकले, तीही पुरती नाही, म्हणून चुकलं तर हसू नको. सूनबाई हसली तर चालेल, ती गोड हसते.

भात झोडून घरात आलं. तुळशीचं लग्न लागलं. ह्या वर्षी ऊस इतका बारीक मिळाला की नवरदेव उपाशी दिसत होता. प्रिन्सबरोबर कुळथाचं पीठ आणि आमसुलं पाठवते. आमसुलं डब्यात घट्ट झाकून ठेवा, गेल्या खेपेला सूनबाईने उघडी ठेवली आणि मऊ पडली.

तुझी आकांक्षा बरी आहे. जेवते नीट. रंग जरा रापला, पण चांगली दिसते. तिच्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी बर्नादेतच्या पडवीतली गंमत सांगते.

बर्नादेत शाळेतून निवृत्त झाली, पण शाळा काही तिला सोडत नाही. रोज संध्याकाळी पडवीत फळा टांगते आणि वाडीतल्या पोरांना इंग्रजी शिकवते. मी आपली लसूण घेऊन कोपऱ्यात बसते. हात लसणीत, कान फळ्याकडे. मागे एकदा तिने दोन शब्द लिहिले, जॉब आणि वर्क. विचारलं, "अर्थ काय?"

पोरं ओरडली, "काम!" मीही ओरडले.

"दोन्हीचो अर्थ काम, मगे इंग्रजांका दोन शब्द कित्याक लागले?"

आता ह्याला काय उत्तर? मी म्हटलं, "त्यांच्याकडे कामा जास्त असतली." बर्नादेतने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लसणीत घुसले.

मग तिने समजावलं, आणि गुरू, मला इतकं आवडलं म्हणून सांगू. जॉब मोजता येतो. एक जॉब, दोन जॉब. वर्क मोजता येत नाही, जसं पाणी मोजत नाहीत. जॉब कोणीतरी देतं, त्याला साहेब असतो, रजा असते. वर्क कोणी द्यावं लागत नाही, सकाळी दार उघडलं की पायात येतं. ती रिक्षावाल्याची तन्वी आहे ना, चुणचुणीत आहे पोर, तिने विचारलं, "टीचर, माझो बाबा रिक्षा चालवता, ता काय?" बर्नादेत म्हणाली, "रिक्षा चालवणा ता वर्क. कंपनीन गाडी दिली, कपडे दिले, वेळ लावून दिली, मगे ड्रायव्हरचो जॉब." माणूस तोच, गाडी चालवणं तेच, बघ!

आणि कामावर जायचं तर गो टू वर्क म्हणायचं, त्या जागी जॉब बसत नाही. औषध लागू पडलं तर औषध वर्क करतं. पंखा वर्क करतो. औषधाला आणि पंख्याला जॉब नसतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मगे माझो मिक्सर?"

"वर्क करता."

"काल फिरलोच नाय."

"मगे वर्क करणा नाय, म्हण. तरी जॉब गेलो असा म्हणूचा नाय."

पोरं खो खो हसली. शाबासकी देताना मात्र गुड जॉब म्हणा नाहीतर गुड वर्क म्हणा, दोन्ही चालतं. तिथे इंग्रजांनी भांडण ठेवलं नाही, बरं केलं. मी म्हटलं, "माझा काय गो? मी जल्मात जॉब केलंय नाय." बर्नादेत म्हणाली, "काशी, तुझ्या एका दिवसाच्या वर्काक जॉब केलो तर चार बायो नोकरीक लागती." मला काय वाटलं ते लिहीत नाही. लसूण जरा जास्त सोलली गेली.

तेवढ्यात आकांक्षा मला न्यायला आली. बर्नादेत तिला म्हणाली, "ये गो बाय, पोरांका सांग जॉब म्हणजे काय. हयसर तुझ्याशिवाय जॉबवाला कोण आसा?" सहज म्हणाली बिचारी. पण आपल्या पोरीचं तोंड उतरलं. "टीचर, नंतर," म्हणाली आणि मला न घेताच परत गेली.

आता इथपर्यंत आले तर पुढचं लिहायला हवं.

भाऊबीज झाली आणि ती इकडे आली, तेव्हा तूच फोनवर म्हणालास, "आये, तिला घरून काम करायची परवानगी मिळालीय, तुझ्याकडे राहायचं म्हणते." मला तर आभाळ हाती आल्यासारखं झालं. न्याहारी झाली की ती ओट्यावर लॅपटॉप उघडून बसायची. मी वाडीला दम भरून ठेवला, "माझ्या नातीचा ऑफिस चालू आसा, कोणी बोंबलायचा नाय." बाबलीलासुद्धा. तो तुझा शाळासोबती आता रापणीचा पुढारी आहे, त्याचा आवाज माझ्याहून मोठा. तोही ओट्यासमोरून चोरासारखा पाय उचलून जायचा.

एकदा वायर तुटली आणि लाइट गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी चहा घेऊन गेले. लॅपटॉप काळा ठिक्कर. त्यात माझं तोंड दिसत होतं. आणि आकांक्षाची बोटं चालू. ठक ठक ठक. मी कप ठेवला. म्हटलं, "साखर बघ गो, कमी पडली काय?" ती वर न बघता म्हणाली, "बरोबर आहे आजी. मीटिंग चालू आहे माझी."

मी दार हळूच ओढून घेतलं. इंग्रजी येत नसलं तरी विझलेला दिवा ओळखता येतो मला. पण विचारलं नाही. गुरू, तू शाळा चुकवून पुळणीच्या वाळूत बसायचास तेव्हाही मी आधी जेवायला वाढायची, मग विचारायची. तुझ्याबाबतीत जमलं, तिच्याबाबतीत विचारायला तोंडच उघडेना.

मग रापणीचा दिवस आला. तुला सांगायला नको, पण सूनबाईला सांग. होडीतून जाळं समुद्रात अर्ध्या वर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या पुळणीवरून माणसं ओढून घेतात. त्या दिवशी माणसंच कमी. निम्मे गडी कट्टा गावी लग्नाला गेलेले. जाळं पाण्यात, आत बांगडा घुसलेला, आणि ओढायला कोणी नाही. बाबली धावत वर आला. माझा दम, ऑफिस, सगळं विसरला आणि ओट्यासमोर ओरडला, "आकांक्षा! मीटिंग सोड गो! दोरीक हात लाय, मासो चललो!"

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि अनवाणी पळाली.

मी मागून काठी टेकत गेले. बघते तर ही बर्नादेत आणि बाबलीच्या सुनेच्या मधे उभी, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकतेय. आधी बिचारीला लय कळेना, सगळे ओढताना ही सोडायची. बाबली करवादला, "अगो, एकटी ओढू नको, सगळ्यांबरोबर ओढ!" मग जमलं. हातांना फोड आले, केस तोंडावर, आणि काय ओरडत होती! मी तिला एवढं मोठ्याने ओरडताना ती लहान असतानाच ऐकलं होतं.

मासळी चांगली आली. वाटे घातले. ते अजून तसंच करतात. वाळूवर ढीग लावायचे, एका माणसाला पाठ करून उभं करायचं. दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "ह्यो कोणाचो?" आणि पाठमोरा नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा ढीग, लहानमोठा म्हणून कोणी भांडायचं नाही. त्या दिवशी पाठ करून वाडीतली तुळसा उभी होती. पहिली तीन-चार नावं झाली. मग "ह्यो कोणाचो?" आणि तुळसा म्हणाली, "आकांक्षाचो."

ही दोन पावलं मागे. "नाही नाही, मी सहज आले होते. मी इथली नाहीये."

बाबली म्हणाला, "दोरीक हात लावलंस मा? मगे वाटो तुझो. कोण खयचो ता रापण इचारणा नाय."

तिने ओढणीत बांगडे घेतले. घरी मी विळी घेऊन बसले, ती समोर बसली, आणि बांगड्यांकडे बघत म्हणाली, "आजी, माझा जॉब गेला."

गुरू, दिवाळीच्या आधीच गेलाय. कंपनीने माणसं कमी केली. हिने काही चूक केलेली नाही, हे आधी वाच आणि मग पुढे जा. स्क्रीनवर एक बाई आली, गोड बोलली, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत हिला आत जायला कुलूप. ज्यांच्याबरोबर रोज बसायची त्यांना येते म्हणायलाही मिळालं नाही. दिवाळीत तुमच्यात बसून करंज्या भरत होती तेव्हा हे पोटात होतं तिच्या.

मी काय म्हणाले? म्हणाले, "डोकी टाकू नको, कालवणाक डोकीच गोड." ती रडता रडता हसली. मग आम्ही जेवलो. दोन वेळा भात घेतला तिने.

तेव्हापासून लॅपटॉपसमोरचं नाटक बंद आहे. बाबली हाक मारतो तेव्हा दोरीवर जाते. बर्नादेतच्या वर्गातली मोठी पोरं हिने वाटून घेतली आहेत, संध्याकाळी दुसऱ्या कोपऱ्यात हिचाही फळा असतो. आणि नव्या जॉबसाठी दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. खरीखुरी, लॅपटॉप पेटलेला असतो, मी जाता येता बघून घेते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तिचं ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी आनंद झाला. वाटलं, म्हणजे ही लवकर जाणार नाही. अशी कशी आई मी तुझी? पण तू पुण्याला गेलास, तुझे बाबा गेले, त्यानंतर ह्या घरात सकाळी एकच कप विसळला जायचा. आता दोन असतात. ती जाईल, जायलाच हवं, मी दारात आडवी पडणार नाही. पण जाईपर्यंत मला खूश राहू दे. वाडीत सगळे विचारतात, काशीबायचा गुडघा बरा झाला की काय. बरा कसला, दुखतोच आहे, लक्ष नाही एवढंच.

तिने मला फोनवर काही सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. कागदाचं ती काही बोलली नव्हती. तरी काल मी तिला सांगितलं, तुझ्या बाबाला लिहिते आहे. तिने माझ्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली. मी ते हो समजले.

तू दर रविवारी फोन करतोस आणि पहिलं वाक्य टाकतोस, "काय, जॉब काय म्हणतो?" ती म्हणते, "मस्त." मग फोन ठेवून माडाखाली बसून राहते आणि त्या दिवशी जेवत नाही. तू रागावशील म्हणून नाही रे. तू सोसायटीत सगळ्यांना अभिमानाने सांगतोस, माझी मुलगी अमक्या कंपनीत आहे, ते तिला माहीत आहे. तिला वाटतं, जॉब गेला म्हणजे तुझ्या तोंडातली ती मुलगीही गेली. मी सांगून तिला पटत नाही. मी आजी, मला ती कशीही चालते हे तिला ठाऊक आहे. तुझं तिला ठाऊक नाही. ते तूच सांगायला हवंस.

म्हणून एवढं कर. ह्या रविवारी फोन कर, आणि ते वाक्य टाकू नको. हाताचे फोड कसे आहेत विचार, बांगडा कसा होता विचार. बाकी ती आपण होऊन सांगेल. सांगताना अडखळली तर अडखळू दे, मधे उपाय सांगू नको. तुला उपाय सांगायची घाई असते, बाबांसारखी.

तिच्या फोनला घरातही रेंज असते; तो वाजला की मी उठून विहिरीवर जाईन आणि तुमचं बोलून होईपर्यंत घरात येणार नाही. बोलणं चालू असताना मी उठून गेले असं तू जन्मात बघितलं नाहीस. यावरून समजून घे, गुरू.

तुझी,
आये