पोचा आलेला वाडगा

सोमवार, सकाळचे अकरा

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. रागात असले तरी आशीर्वादच लिहिते, कारण तू दहा वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले आणि तेव्हापासून तुला दुसरं काही द्यायची मला सवय नाही. इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा दुखतो, थोरल्या लेकीची परीक्षा संपली, गॅलरीतल्या कुंडीत मिरच्या धरल्यात. तुझी बायको माहेरून आली का? आली असेल तर हे पत्र तिलाही वाचून दाखव. नसेल आली तर एकटा वाच, पण दुकान बंद करून वाच.

चारचौघांत मी तुला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. शनिवारी दुकानातही केलं. आज करणार नाही. फोनही करणार नाही, कारण फोनवर तू "वहिनी, ऐका तर" म्हणून हसायला लागतोस, मग मलाही हसू येतं आणि बोलायचं ते राहून जातं. मला आज हसायचं नाहीये.

शनिवारी मी आले ती तुझ्यावर पाळत ठेवायला नाही. तुझा दादा गोळ्यांची डबी घरी विसरला होता. रोज बारा ते एक तो दुकानात सुऱ्यांना धार लावायला येतो, तेवढा एक तास तरी त्याला आपण कामाचे आहोत असं वाटतं, म्हणून मी कधी आडकाठी केली नाही. डबी द्यावी आणि जावं, एवढंच मनात होतं. दुकानातला मागचा पडदा सरकवला तर हा उलट्या क्रेटवर बसलेला, शीतपेटीच्या दाराला पाठ टेकून, मांडीवर वाडगा, वाडग्यात काठोकाठ मटण. धार लावायचा दगड कोरडा ठणठणीत.

आणि वाडगा कोणता? आमचा. काठाला पोचा आलेला, स्टीलचा, माझ्या माहेरचा. सहा महिने मी तो शोधतेय. भांडी घासायला येते त्या बाईला मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती रडली. दोन दिवस कामाला आली नाही, मग मी तिच्या घरी जाऊन तिची समजूत काढली. तेव्हा तुझा दादा दारात उभा राहून मला म्हणाला होता, "जाऊ दे गं, एक वाडगा तो काय." स्वतः घरातून उचलून तुझ्याकडे नेऊन ठेवला होता आणि मला वर हे शहाणपण शिकवत होता.

मी तुला विचारलं, "भाऊजी, हे काय चाललंय?" आणि तू सुरी हातात धरून, दोन गिऱ्हाइकं समोर असताना म्हणालास, "वहिनी, तुमच्या घरात त्याला जेवायला मिळत नाही, म्हणून मी देतो."

ती चिकनसाठी थांबलेली म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी नवऱ्याला उपाशी ठेवून स्वतः पलंगावर लोळते. मी डबी काउंटरवर ठेवली आणि निघाले. घरापर्यंतच्या पाच गल्ल्या मी कशा चालले ते मला आजही आठवत नाही.

आमच्या घरात जेवायला मिळत नाही. बरं. आता ऐक, आमच्या घरात काय मिळतं.

अकरा महिन्यांपूर्वी तुझा दादा मटण तोडायच्या त्या लाकडी ठोकळ्याजवळ कोसळला तेव्हा तूच त्याला उचलून दवाखान्यात नेलंस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तू माझ्या शेजारी उभा राहून ऐकलंस. हृदयाच्या दोन नळ्या अर्ध्याहून जास्त भरल्यात, मांस कमी करा, बंद केलंत तर उत्तम. आणि घर कोणाचं, तर खाटकाचं. तुझ्या दादाला दोन वेळा मटण लागतं. आई पंचाहत्तरीला टेकल्यात, तोंडात एक दात नाही, पण नळीचं हाड चोखल्याशिवाय त्यांचा रविवार होत नाही. थोरली वाटाण्याकडे असं बघते की वाटाण्याने तिचं काही वाकडं केलंय. एका दिवसात बंद केलं असतं तर सगळे बिथरले असते. म्हणून मी हळूहळू केलं. कोणाला कळू न देता.

आधी खिमा. पाव भाग काढला आणि तेवढे मश्रूम अगदी बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत परतून घातले. कोणाला पत्ता लागला नाही. मग अर्धा. आई म्हणाल्या, "आज खिमा अगदी मऊ झालाय, तू शिकलीस हो." लग्नाला बावीस वर्षं झाली आणि मला पहिली शाबासकी मश्रूममुळे मिळाली. मग मंगळवार मोकळा केला. मग मंगळवार आणि शुक्रवार. मग मटणाच्या रश्श्यात राजमा, पुढे राजम्याच्या रश्श्यात दोन तुकडे मटण. एकदा वांग्याचे जाड काप मसाला लावून तव्यावर भाजले. तुझ्या दादाने एक उचलून विचारलं, "हे काय?" म्हटलं, "वांगं." तर म्हणतो, "बिचारं कशाने गेलं?" थोरली इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि हसता हसता सगळ्यांनी ते खाल्लं. एका रविवारी मात्र थोरलीने ताट ढकललं आणि दार आपटून गेली. मी मागे गेले नाही. संध्याकाळी स्वतःहून स्वयंपाकघरात आली आणि उरलेली डाळ पातेल्यातच पुसून खाल्ली. पाचव्या महिन्यात घरात मटण शिजायचं बंद झालं. कोणी भांडलं नाही.

आणि मला काय मटण आवडत नव्हतं? या घरात आले तेव्हा कलेजीच्या तुकड्यावरून तुझ्याशी भांडायचे, विसरलास? अकरा महिने मी बोट लावलेलं नाही. तुझ्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते, त्या वासाने तोंडाला पाणी सुटतं म्हणून. कोणाला सांगितलं नाही. तुला आज सांगते.

एवढं करूनही रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात मांस शिजतं?" मी मान ताठ करून सांगितलं, नाही. "बाहेर खातात?" तुझा दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. मीच म्हणाले, "नाही हो, कुठे खाणार." तेव्हा त्या म्हणाल्या, मग यांच्या शरीराचाच दोष, पथ्याने भागणार नाही. गोळी दुप्पट केली. तेव्हापासून त्याच्या पायांत गोळे येतात. तीस वर्षं ठोकळ्यापाशी उभा राहिलेला माणूस आता जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसतो आणि पिंडऱ्या चोळतो, मग उरलेला जिना चढतो. तुझ्या दुकानात तो उभा राहून धार का लावत नाही, याचा तू कधी विचार केलास का?

पंधरा दिवसांपूर्वी दुसरा रिपोर्ट आला, आणखी वाईट. आता येत्या गुरुवारी ऑपरेशनची तारीख ठरायची आहे. छाती उघडणार आहेत, धाकट्या. पथ्य पाळूनही रक्तातली चरबी उतरत नाही, असं त्यांच्या कागदावर लिहिलंय म्हणून. आणि ते कागदावर कशामुळे आलं ते तुझ्या पडद्यामागे आहे.

प्रेमाने दिलंस, मला माहीत आहे. लहानपणी बकऱ्याची कलेजी तव्यावर पडली की पहिला तुकडा तो तुझ्या तोंडात घालायचा, त्याची बोटं पोळली तरी फुंकून आधी तुला. आता त्याने तोंड पाडून मागितलं तर तुझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. पण तू प्रेमाने वाढलंस म्हणून ते पोटात जाऊन पालक होत नाही रे. मला सांगायचंस. एका शब्दाने सांगायचंस की वहिनी, तो माझ्याकडे खातो. मी आकांडतांडव केलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता, पण डॉक्टरीणबाईंना खरं तरी कळलं असतं.

मी लिहिताना इथेच थांबणार होते. सही करून पाकीट बंद करणार होते. चहा करून आले, पुन्हा बसले.

शनिवारी तो दीड वाजता घरी आला. आईंना सगळं कळलं होतं, गल्लीत बातमी आधी पोचते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नळी होती का त्यात?" तो हसला नाही. मला म्हणाला, "धाकट्याला काही बोलू नकोस. मीच मागितलं होतं." आणि खिशातून रुमाल काढून नेहमीसारखा मोरीत टाकला.

त्या रुमालाचं सांगायचंय.

मला माहीत होतं, धाकट्या. सहा महिने माहीत होतं. वाडगा तुझ्याकडे आहे हे नव्हतं माहीत, त्या बाईला मी विनाकारण रडवलं ते खरंच. पण बाकीचं कळत होतं. गार पाण्यात रुमाल भिजवला की चरबी पांढरी होऊन कापडावर धरते, साबण नुसता घसरतो. खाटकाच्या घरात बावीस वर्षं कपडे धुतलेत मी, मला ती ओळखायला चष्मा लागत नाही. पहिल्या दिवशी मी रुमाल हातात धरून मोरीत बसून राहिले. मग पाणी तापवलं आणि धुतला. दुसऱ्या दिवशीही धुतला. आणि भांडीवालीला तो दिसू नये म्हणून रोज स्वतः धुवायला लागले.

का गप्प बसले विचारशील. त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी वाटाण्याची भाजी केली होती. तो कुरकुर न करता जेवला, दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाला, "आज जमलीये." त्याचं पोट दुपारीच भरलेलं होतं, म्हणून तो गोडीत होता. मला ते कळत होतं. तरी मला ते "जमलीये" हवं होतं. पाच महिने मी त्या टेबलावर खलनायिका होते आणि एकदम घरात शांतता झाली. माझी बहीण फोनवर म्हणाली, "तू कमाल केलीस, खाटकाच्या घरात." मी म्हटलं, हो, केली. शेजारणी येऊन पाककृती लिहून घ्यायला लागल्या. मला वाटलं, थोडंसंच खात असेल, चार घास. तुझ्यासारखंच वाटलं मला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाहेर खातात का, तेव्हा माझ्या पिशवीत त्याचा तोच रुमाल होता, आणि मी म्हणाले, कुठे खाणार. जिंकले होते ना मी. हरले म्हणायचं माझ्या जिवावर आलं. दुप्पट गोळी तुझ्या मटणाने झाली तेवढीच माझ्या तोंडाने झाली.

आता कळलं ना, शनिवारी मी तुला उलट उत्तर का दिलं नाही? तू चुकलास हे खरं आहे आणि मी तुझ्यावर अजून चिडलेलीच आहे, हे पत्र लिहिताना दोनदा पेन आपटलं. पण काउंटरपाशी उभी असताना मला पहिला विचार आला तो, बरं झालं, आता कोणीतरी दुसरं दोषी सापडलं, असा. त्याची मला लाज वाटते.

आणि तो रुमाल लपवतही नव्हता. रोज समोर टाकायचा. कधी मी ओरडते याची वाट बघत होता की काय, देव जाणे. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. गुरुवारी साडेदहाला आम्ही दवाखान्यात जाणार आहोत. तू दुकान बंद ठेव आणि तिथे ये. तुझा दादा स्वतःहून तोंड उघडणार नाही, तो पुन्हा कॅलेंडर वाचेल. तू सांगायचंस. रोज किती, आठवड्यातून किती वेळा, चरबीचे तुकडे किती. "थोडंसं" म्हणायचं नाही. तराजू न बघता पाव किलो बरोबर उचलणारा हात आहे तुझा, तेव्हा अंदाज येत नाही असंही म्हणू नकोस. तुझं झालं की मी माझं सांगेन, रुमालापासून सगळं, त्याच्यासमोर. डॉक्टरीणबाई कदाचित म्हणतील, आधी दोन महिने खरोखरीचं पथ्य करून बघू. कदाचित म्हणतील, आता उशीर झाला. काय म्हणतील ते म्हणोत, पण खरं ऐकून म्हणोत.

आणि नंतर रोज दुपारी तू आमच्याकडे जेवायला यायचंस, त्याच्या शेजारी बसून, मी वाढेन ते. वाटाणे तर वाटाणे. त्याला एकट्याला गिळवत नाही, हे मला अकरा महिन्यांनी समजलंय.

थोरली हे पाकीट तुझ्या शटरच्या फटीतून टाकेल. तिला काही विचारू नकोस.

येताना वाडगा घेऊन ये, कुठपर्यंत भरायचास ते डॉक्टरीणबाईंना बोट लावून दाखवता येईल. आणायच्या आधी नीट घास. पाणी चांगलं कडकडीत तापवून घे. गार पाण्याने ते निघत नाही.

तुझी,
वहिनी