नाकाशी धरलेला जोडा

परळ, सन १८९६

चि. गुणवंतीस मामंजींचे आशीर्वाद.

तुझा डोळा लागताना हातपाय झटकले, तेव्हा फेफरं समजून मी तुझ्या नाकाशी जोडा धरला. ‘मामंजी, मी नुसती झोपले होते,’ तू सांगत राहिलीस. मी चाळीदेखत तुला माहेरी धाडलं.

काल दुपारी मला डुलकी लागली आणि माझाही पाय तसाच झटकला. तुझ्या सासूने जोडा आणला नाही. ‘दमलात,’ म्हणाली आणि उशी दिली. डॉक्टर म्हणाले, झोप लागताना धडधाकट माणसालाही असं होतं.

तुझ्या गावी आलेलं पत्र मास्तर ओटीवर मोठ्याने वाचतात. तुला फेफरं आहे हे मी ओरडून सांगितलं होतं. नाही, हे चारचौघांत वाचलं जावं एवढी छाती होत नाही. पत्र ट्रंकेत ठेवतो आहे.

तुझा अपराधी,
कुशाबा