ह्यांच्या फोटोचे डोळे

८ नोव्हेंबर २००६

हे गेले काय आणि देव झाले काय! आज खालच्या मजल्यावरची शाहबेन डोळे पुसत म्हणाली, "माँजी, अंकल ने कभी ऊँची आवाज में बात नहीं की." हो का? चष्मा सापडला नाही की पेणकरपाड्याच्या नाक्यापर्यंत ऐकू जायचं! मी नुसती मान हलवली. सुतकात कुठे वाद घालायचा?

मी सांगतेय, नात लिहितेय. संचिता, बारावीला आहे. मला कुठे अक्षर येतं! मधेच तिचं नाक वाजतं. म्हणते, सर्दी झालीय. असू दे सर्दी.

९ नोव्हेंबर

तेराव्याला भिंतीवर फोटो पाहिजे म्हणून माझ्या लेकाने, जितेशने, सगळे अल्बम काढले. बापाचे डोळे एकात उघडे असतील तर शपथ! फ्लॅश पडला की हे डोळे मिटणार. लग्नात मिटले, जितेशच्या बारशाला मिटले, मतदानाच्या ओळखपत्रावरही मिटलेले. लग्नाचा फोटो बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून बघून मिटले असतील."

गोड स्वभाव बाईंचा.

११ नोव्हेंबर

बेव्हर्ली पार्कातला स्टुडिओवाला म्हणे कंप्युटरवर डोळे उघडून देतो. डॉक्टरला जमलं नाही ते!

१३ नोव्हेंबर

फोटो आला. डोळे उघडे. मोठे, पाणीदार, एखाद्या बँक मॅनेजरचे. सून म्हणाली, "अगदी बाबा!" मी विचारलं, हा कोण?

जितेश चिडला. "आई, डोळे ते डोळे. सगळ्यांचे सारखेच."

नसतात रे. ह्यांचा उजवा डोळा जरा बारीक. खोटं बोलले की आणखी बारीक व्हायचा. गोदामातून यायचे, म्हणायचे, "पोट भरलंय, भूक नाही." डोळा बारीक! मी ओळखायची — डबा कुणा हमालाला देऊन आलेत. मग मी मुकाट्याने भाकऱ्या थापायच्या आणि ह्यांनी "आग्रह करतेस म्हणून" म्हणत चार खायच्या. मला एकदा आंब्याच्या रंगाची साडी आवडली, तर जन्मभर तोच रंग आणला. कपाट उघडलं की आढीच दिसते! दर वेळी म्हणायचे, "हा रंग वेगळा आहे हं." डोळा बारीक.

फोटोतला हा माणूस जन्मात खोटं बोलला नसेल. मला नको तसला. आणि माझं अंथरूण हॉलमध्येच. परपुरुषासमोर झोपू?

लिहिताना संचिता हसली. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

१४ नोव्हेंबर

जितेशशी भांडले. म्हटलं, मिटलेल्या डोळ्यांचाच लाव.

"लोक म्हणतील, मेलेल्या माणसाचा फोटो लावलाय!"

मग काय रे, बाप बाजारात गेलाय?

तो फोटोची काच पुसत म्हणाला, "मला वाटलं, येता-जाता बाबा आपल्याकडे बघतील."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण ऐकलं नाहीच मी त्याचं. म्हटलं, तुझ्या बापाऐवजी दुसऱ्या कुणी बघून काय करायचंय?

१५ नोव्हेंबर

तेरावं झालं. भिंतीवर मिटलेलेच डोळे लागले, तो दुसरा कपाटावर गेला. रत्नागिरीहून धाकटे दीर आले होते, आत्मारामभावजी. म्हणाले, "वहिनी, दादा झोपलाय वाटतं."

म्हटलं, मग हळू बोला. उठले तर तुम्हाला चार दिवस ठेवून घेतील, आणि रांधायचं मला!

२ डिसेंबर

आज दुपारी ह्यांना आठवत बसले. दारात उभे राहिले, चपला काढल्या, "पोट भरलंय" म्हणाले. आवाज तोच. मग माझ्याकडे बघितलं — तर डोळे त्या स्टुडिओवाल्याने उघडून दिलेले.