जेवणाच्या सुट्टीतला पूर्वपक्ष

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे उभे होते. नंतरचं जग तुम्ही पाहिलं नाही, म्हणून थोडं सांगते. मनोरे पाडले गेले, हजारो माणसं मेली. अमेरिकेने दहशतवादाविरुद्ध युद्ध पुकारलं, आधी अफगाणिस्तानात शिरली, मग इराकमध्ये. ज्या शस्त्रांसाठी इराकमध्ये गेले ती सापडलीच नाहीत, तरी लोकांनी त्याच अध्यक्षांना पुन्हा निवडून दिलं. मी आता टोकियोत सॉफ्टवेअरचं काम करते, हिगाशी-कसाईला एकटी राहते. इथे स्टेशनवरच्या कचरापेट्यांची तोंडं बंद करून टाकली आहेत आणि 'विशेष दक्षता' अशा पाट्या लावल्या आहेत. इतक्यात इथे झालेलं काहीच नाही. माणसं रिकामे कॅन हातात धरून मुकाट घरी जातात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला कोणी सांगत नाहीये.

पाचवीपर्यंत माझी शाळा म्हणजे तुम्हीच होतात. ओट्याशी उभे राहून तुम्ही मटार सोलता आहात, मी खाली पाटावर बसले आहे. शेजाऱ्यांनी आपल्या दारात स्कूटर लावली म्हणून मी चिडले आहे. तुम्ही म्हणता, "आधी पूर्वपक्ष. त्यांची बाजू मांड. अशी मांड की ते म्हणाले पाहिजेत, ही पोरगी आमची वकील." मी काहीतरी पोकळ बोलते. तुम्ही चष्मा नाकावर सारता. "मेलेला पैलवान उभा करून कुस्ती जिंकतेस होय? पुन्हा." मी पुन्हा मांडते, पुन्हा, आणि एकदाची तुमची मान हलते. ती मान हलावी म्हणून मी काय वाटेल त्याची बाजू मांडली असती.

आमच्या ऑफिसात क्लायंटकडून आलेला एक अमेरिकन आहे. थोराड, मवाळ माणूस. त्याच्या चुका मी न रागावता दाखवते म्हणून मला 'टीचर-सान', म्हणजे मास्तरीणबाई, म्हणतो. त्याचा धाकटा भाऊ सैन्यात आहे, इराकमध्ये एक फेरी करून परत आलेला. पुन्हा जाण्यासाठी सही करायची की नाही, हे तो थोरल्याला विचारत होता. इथे जेवणाच्या सुट्टीत वीज वाचवायला दिवे घालवतात आणि निम्मी माणसं टेबलावर डोकं ठेवून झोपतात. त्या अंधुक उजेडात त्याने हळूच विचारलं, "तू युद्धाच्या विरुद्ध आहेस ना? मग सांग, काय सांगू त्याला?"

मी तुमच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी त्यांची बाजू. म्हटलं, तुम्ही ज्या घराचं दार मोडलंत, ते पुन्हा न बसवता निघून जाणं म्हणजे शांतता नव्हे. तुमच्यावर विसंबून जी माणसं तिथे दुभाषी झाली, पोलीस झाली, ती आता सगळ्यांना ठाऊक आहेत. तुम्ही निघालात की रात्री त्यांचीच दारं वाजतील. मी बोलत गेले. त्याचा घास हातातच राहिला. माझा हात नाकाकडे गेला, चष्मा सारायला. बाबा, मी चष्मा लावत नाही.

इतक्यात घंटा झाली, दिवे लागले, सगळी डोकी एकदम वर आली. "दुसरी बाजू उद्या," मी म्हटलं. तो म्हणाला, "नको. पुरे झालं." पलीकडची नागपूरची मैत्रीण कुजबुजली, "काय गं, त्यांच्या अध्यक्षांचं वकीलपत्र कधी घेतलंस? ग्रीन कार्ड पाहिजे का?"

शुक्रवारी लिफ्टपाशी त्याने मला गाठलं. "टीचर-सान, भावाला सगळं सांगितलं. तो सोमवारी सही करणार. तू बोललीस ते लिहून देशील? आई ऐकत नाहीये, तिला वाचून दाखवतो."

"ते माझं मत नाही," मी म्हटलं.

तो हसला. "मग कोणाचं?"

आज रविवार. दुपारपासून उत्तरपक्ष लिहायला बसले होते. येत नाही. पूर्वपक्ष झरझर उतरतो, ठाशीव, तुमच्या आवाजात. दुसरी बाजू लिहायला घेतली की वाक्यं वर्तमानपत्रातली वाटतात. मग हळूहळू लक्षात आलं, दुसरी बाजू मला कधी मांडावी लागलीच नाही. माझी मांडणी मान्य झाली की पुढचं तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायची. मी अर्धंच शिकले आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्याबरोबर मनोरे पडायच्या आधीच गेलं.

संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून पालिकेची घोषणा झाली. इथे वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांची अशी वर्णनं सांगतात. राखाडी स्वेटर, चष्मा, किंचित वाकलेले. मी खिडकीशी गेले. समोरच्या पायवाटेवर राखाडी स्वेटरमधले एक आजोबा मान वर करून नेमके माझ्या मजल्याकडे बघत होते. ओठ हलत होते. मी काच सरकवली, ऐकायला. बाहेर फक्त भोंगा. मी चप्पल घालून खाली पोहोचेपर्यंत तिथे कोणी नव्हतं. शेजारीण दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. ती म्हणाली, सापडले ते, नदीपलीकडे इचिकावाला, लेकीकडे होते दुपारपासून.

वर येऊन मी त्या अमेरिकनाला फोन लावला. म्हटलं, "मी काही लिहून देणार नाही. दुसरी बाजू मला मांडता येत नाही. पण तुझ्या भावाने जाऊ नये."

"का?"

"कारण तो एकदा परत आलाय."

तो म्हणाला, "आई हेच म्हणते. रोज. एवढंच म्हणते."

"मग तिचं ऐक ना."

"पण हे काही कारण नाही, टीचर-सान."

"नाही," मी म्हटलं. "नाहीये."

त्याने भावाशी बोलतो म्हणून फोन ठेवला. तिकडे अमेरिकेत अजून रविवारची पहाट आहे. उद्या सही होईल की नाही, मला माहीत नाही.

या पत्राला पत्ता नाही हे खरं. पण असता तरी टाकलं नसतं. तुम्ही वाचाल, चष्मा साराल, आणि शांतपणे सांगाल की त्या पोराने का जायला हवं. आणि बाबा, ते मला पटेल.