शेड जरा जास्तच जुळली

२८ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. हिचा गुडघा अधूनमधून बोलतो, बाकी ही बोलतेच. दाजींचा खोकला कसा आहे?

तुझं पत्र पोचलं. वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. "रविवारी वर्ष होतंय. थेंबही घेतला नसशील तर जेवायला ये." दोनच ओळी, पण काउंटरवर बसून सहा वेळा वाचल्या. उत्तर लगेच द्यायला हवं होतं, पण वर्षअखेरची गडबड... छे, गडबड कसली! नीट सांगतो. मध्येच पत्र फाडू नकोस.

आमच्या रंगाच्या दुकानात वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी शेठ शटर अर्धं ओढतात आणि सगळ्यांना पाजतात. आमच्यातल्या एकाला तर सगळे नरसाळंच म्हणतात. ग्लास रिकामा दिसला की यानं ओतलीच! नाही म्हटलं की सुरू: "अरे, एकानं काय होतंय? आमच्यात बसायची लाज वाटते का?" मागे शेठच्या वाढदिवसाला मी पोट बिघडलंय म्हणालो, तर म्हणे, "मग हेच औषध." त्याआधी दाढ दुखतेय म्हणालो, तर "मग चूळ भर." आता सांगायला अवयव उरला नव्हता.

म्हणून डोकं चालवलं. वीस वर्षं गिऱ्हाइकांना भिंतीच्या शेड जुळवून देतोय, एवढं जमणार नाही? घरून कोरा चहा नेला, गाळलेला, थंड. मागच्या खोलीत खिडकीपाशी एका हातात त्यांची बाटली, दुसऱ्या हातात माझा ग्लास. फिका वाटला, चमचाभर चहा वाढवला. मग दोन थेंब पाणी. काय जुळली म्हणून सांगू! तासभर नरसाळं माझा ग्लास बघून खूश, आणि मी दर घोटाला तोंड वाकडं करतोय.

तेवढ्यात शेठ उठले. वर्षातला उत्तम कामगार म्हणून मलाच पुकारलं! टाळ्या, हातात चकचकीत चषक. मी हुरळून टेबलावरचा ग्लास उचलला आणि मोठा घोट भरला.

ग्लास नरसाळ्याचा होता. दोन्ही शेजारी शेजारी, आणि शेड मीच जुळवलेली. दोष कुणाला देऊ?

तोंडात नुसता जाळ, आणि शेठ म्हणतायत, "बोला, दोन शब्द बोला!" गिळलं तर वर्ष गेलं, थुंकलं तर नोकरी. मी आपला गाल फुगवून उभा. नरसाळं म्हणालं, "गहिवरलाय बिचारा!" शेवटी चषक तोंडाशी नेला. लोकांना वाटलं, मुका घेतोय. पुन्हा टाळ्या. मग मी त्यात थुंकलो आणि टाळ्या थांबल्या.

आता काय लपवायचं? सरळ बोललो. "शेठ, मी पीत नाही. भाचीच्या लग्नात पिऊन माईक हिसकावला आणि तिचं आधी ठरून मोडलेलं लग्न सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. पोर स्टेजवर रडली. बहिणीनं मला दार बंद केलं. माझ्या ग्लासात चहा आहे." ताई, इतकं स्पष्ट मी तुझ्यापुढेही कधी बोललो नाही. तुला "झालं ते झालं" म्हणून मोकळा झालो होतो. निर्लज्जपणाच तो.

शेठ पुढे आले. त्यांनी चषक माझ्या हातातून घेतला, मोरीत ओतला, धुतला आणि परत दिला. नरसाळ्यानं माझा ग्लास हुंगला, एक घोट घेतला आणि कानाशी येऊन म्हणाला, "अजून आहे का रे? डॉक्टरनं मलाही बंद करायला सांगितलीय." उरलेला चहा आम्ही दोघांनी संपवला.

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. थुंकलो खरा, पण थोडी घशाखाली गेली. किती, देव जाणे. ही म्हणते, "वन्संना सांगूच नका, चूळच ती." दोन दिवस मीही तेच ठरवून बसलो होतो. पण तू वाढशील, भाची समोर असेल, आणि मला घास गिळवणार नाही. तू थेंबही नको म्हणाली होतीस. थेंब गेलाय, ताई.

म्हणून रविवारी येत नाही. त्या दुपारपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलंय. वर्ष झाल्यावर बोलावलंस तर धावत येईन. भाचीला म्हणावं, मामाचं चुकलं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तुझा,
आज तीन दिवसांचा,
धाकटा भाऊ