राक्षसाचा चार्ज

दौंड, रविवार, मे १९९९

आज मी व्हिडिओ गेम खेळले, म्हणून लिहिणं भाग आहे. हे शेवटच्या राक्षसाशी झुंजत होते, तेवढ्यात शेजाऱ्यांकडे यांना रेल्वेच्या ड्यूटीचा फोन आला. गेम थांबवायचं बटण बिघडलेलं. हरलं की पुन्हा पहिल्यापासून. यांनी रिमोट माझ्या हातात कोंबला.

"नुसतं चुकवत राहा. चालतं इंजिन ड्रायव्हर सोडत न्हाई, दुसऱ्याच्या हाती चार्ज देतो."

"यासाठी बी.ए. झाले का मी?"

पण चुकवत राहिले. आग ओकण्याआधी राक्षस मान खाली घालतो. तेव्हा एकच गोळी पुरली असती. पण महिनाभर हे त्याच्यामागे आहेत, मी का मारावा? मान पुन्हा खाली गेली. सोडला.

हे फोन घेऊन धापा टाकत परत आले. "मेला का?"

चार्ज दिला: रिमोट, शिल्लक एक जीव, राक्षस जिवंत.