तुझे दाजी पडले नाहीत, उतरले

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहे, पण तो तू परत आल्यावर मिळेल. आठ दिवस फोन बंद? मावशीकडे जाऊन लपलास तर मला कळणार नाही असं वाटलं? मावशीच्या पोटात काही राहत नाही. तिसऱ्याच दिवशी तिने कळवलं, की पोरगा जेवत नाही, नुसता छताकडे बघत पडून असतो. मावशीच्या छताला काय झालंय? ते आहे जागेवर. पडलेत तुझे दाजी. असो. मावशीचे गुडघे कसे आहेत? तेल लावते की नुसतं कण्हते? तिला नमस्कार सांग. वाळूच्या गाडीचा ड्रायव्हर तिकडून जातो, त्याच्या हातात हे पत्र देतेय. (चार यत्ता शिकलेय, चुका काढायच्या नाहीत. तू सात शिकून पळालास.)

इकडची खुशाली अशी, की दाजींचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय, तोंड एकाही ठिकाणी मोडलेलं नाही. डॉक्टरने पायाला प्लॅस्टर घातलं तर हे वाकून बघतात आणि म्हणतात, हाताला सफाई नाही, कडा सरळ आल्या नाहीत, थापी द्या. तीस वर्षं भिंती लिंपलेला गवंडी, त्याला गप्प कोण करणार! घरी आल्यावर मी भाजी आणायला गेले, परत येऊन बघते तर तांब्याने पायावर पाणी ओततायत. का, तर नव्या कामावर पाणी मारायला नको का, नाहीतर तडे जातात. दोन दिवस चोरून मारलं. सगळा लगदा झाला. पुन्हा दवाखाना, पुन्हा प्लॅस्टर. डॉक्टरने ह्यांना सोडून मलाच झापलं.

पण ते परवडलं. खरा घोळ पुढे आहे. कामगार खात्याच्या बाई जबाब घ्यायला घरी आल्या. कसे पडलात, विचारलं. तर हे म्हणतात, पडलो नाही, उतरलो. दुसऱ्या मजल्यावरून? हो, जरा घाई होती. मग जिन्याने का नाही उतरलात? तर म्हणे जिन्याला वळसा पडतो. मी चहा घेऊन उभी. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी ह्यांना असं सोललं, की शेवटी बाहेर आलं. ठेकेदाराने दवाखान्यातच ह्यांच्या कानात सांगितलं होतं, की ती बांबू-फळ्यांची परांची बांधली तुमच्या मेव्हण्याने, पडलो म्हणालात तर मुकादम म्हणून तो आत जाईल. म्हणून हे उतरले! पाय मोडून घेतला आणि वर तुझ्यासाठी खोटं बोलले. (मी एक महिना माहेरी गेले तर मीठ कुठे आहे हे न सांगता येणारा हा माणूस.) दुसऱ्या दिवशी ठेकेदार फळं आणि एक कागद घेऊन हजर. कागदात लिहिलेलं, सुट्टीच्या दिवशी आपल्या मर्जीने साइट बघायला गेलो आणि आपल्या चुकीने इजा झाली. सही करा, बसून करायचं काम देतो. ह्यांनी पेन शोधायला घेतलं. मी तो कागद खाली ठेवला आणि त्याच्यावर बसले. ठेकेदार पाऊण तास वाट बघून निघून गेला. मला काही उठवता येतं का कोणाला?

मग मीच गेले बाईंच्या ऑफिसात. म्हटलं, माझ्या भावाला धरणार का? त्या म्हणाल्या, अहो, काम कोणाचं, फळ्या कोणी पुरवायच्या, कमरेचे पट्टे आणि खालची जाळी कोणी द्यायची, हे आम्ही विचारतो. सगळ्याचं उत्तर ठेकेदार. पण तो म्हणतो, मला फळ्यांचं कोणी सांगितलंच नाही, आणि मुकादम पळाला म्हणजे दोष त्याचाच. बघ, केवढं सोपं करून दिलंस त्याला. सामान मागायची चोपडी तुझ्याजवळ आहे ना? तीनदा लिहिलंस त्यात, फळ्या कुजल्या, बदला. तिन्ही वेळा त्याने खाली "बघू" लिहून सही केली. मला तूच हसत दाखवलं होतंस.

शुक्रवारी सगळ्यांना समोरासमोर बोलावलंय. ह्यांना म्हटलं, आता तरी खरं सांगा. तर म्हणतात, धाकट्याला विचारल्याशिवाय एक शब्द बदलणार नाही. आणि उतरलो हेच राहिलं तर कोणावर काही जबाबदारी नाही, पाय आमचा आम्ही बघायचा. डॉक्टर म्हणतो, परांचीवर पुन्हा चढतील की नाही सांगता येत नाही. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी
ताई

ता. क. – मावशीला त्रास देऊ नकोस. जेव.

ता. क. दुसरा – हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण मग तू माझं बोलणं वाचलं नसतंस. काल बाईंची माणसं परांची बघून आली. फळी मधोमध मोडलीय. तू बांधलेली गाठ सुटलेली नाही. तिघांना ती सोडवता येईना, शेवटी सुरीने कापावी लागली. ऐकून तुझे दाजी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून होते. मला वाटलं झोपले. झोपले नव्हते.

ड्रायव्हर मंगळवारी परत निघतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत चोपडी घेऊन तू तरी ये, नाहीतर येणार नाही असं तुझ्या हाताने लिहून पाठव. ते दाजींना वाचून कोण दाखवणार, तेही त्यातच लिही.